निळ्या गाडीचा शेवटचा पेपर

रविवार. दिवाळी होऊन तिसरा आठवडा, धान कापून झालं आहे, गावभर मळणीच्या मशीनचा आवाज. ठिकाण: दिघोरी, घरामागची टिनाची पडवी, जिथे तुझी निळी गाडी उभी असते. हजर: तुझी बायको सुनंदा, तुझी लेक रेणू, लाखांदूरचा गुलाब मिस्त्री आणि मी, तुझी मोठी बहीण. गैरहजर: तू.

रागावू नकोस, दिलीप. मी हजेरी घेतल्याशिवाय काम सुरू करत नाही, हे तुला माहीत आहे. लाखनीत मंडप-बिछायतीचा धंदा करायचा तर आधी किती माणसं, किती खुर्च्या, कोण आलं, कोण आलं नाही, हे लिहूनच टेम्पो हलतो. तू त्यावरून मला आयुष्यभर चिडवलंस. "ताई, तू सरणावर चढतानाही विचारशील, लाकडं मोजली का." मोजली, दिलीप. तुझीच मोजावी लागली.

तेरवीला तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले. शाळेतले लोक बोलले, तुझे जुने विद्यार्थी बोलले, गणित कसं सोपं करून सांगायचास ते बोलले. मी काही बोलले नाही. मला जे बोलायचं होतं ते तुझ्या गाडीबद्दल होतं आणि पंगत बसलेली असताना ते शोभलं नसतं. तेव्हापासून साठून राहिलंय. आज बोलून टाकते.

ज्या गावात दारासमोर ट्रॅक्टर शोभतो, त्या गावात हायस्कूलच्या मास्तरने नागपूरहून शर्यतीत पळवतात तसली गाडी आणायची काही गरज नव्हती. तीही जुनी. तीही अशी, की जिचे पार्ट आता कंपनीकडेच मिळत नाहीत. जमिनीपासून वीतभर उंच. आपल्या गल्लीतली नाली ओलांडायला तू माझ्या स्टेजच्या दोन फळ्या नेल्यास, त्या अजून तुझ्या दारात आहेत. मी विचारलं, "कायले घेतली रे?" तू म्हणालास, "ताई, हिच्यात टर्बो आहे." जणू घरात बाळंतीण आहे अशा सुरात.

पण गाडी घेणं हा तुझा गुन्हा नव्हता. तिला मिस्त्री मिळू दिला नाहीस, हा होता.

तू गेल्यावर ती सुरूच होईना. रेणू रोज चावी फिरवायची. इंजिन घरघर फिरायचं, पण पेटायचं नाही. सुनंदा एकदा म्हणाली, "ताई, सकाळी मागचं दार उघडलं का समोर हेच. चालत नाही, बोलत नाही. मले नाही पाहवत." तिच्या भावाने साकोलीचा एक भंगारवाला पाहून ठेवला. तो सोमवारी, म्हणजे उद्या, गाडी उचलायला येणार होता. रेणूने जेवण सोडलं नाही, रडली नाही, फक्त मला फोन करून विचारलं, "आत्या, चालू झाली तर आई ठेवंल का?" मी सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "झाली तर पाहू." एवढंच माझ्या हातात होतं. मी यादी काढली.

पहिला, लाखनीचा हायवेवरचा गॅरेजवाला. बारा चाकांचे ट्रक उघडून ठेवतो, माणूस चांगला. त्याने फोनवर फोटो पाहिला आणि हात जोडले. "बाई, हे आपल्या लाइनचं नाही. हिले हात लावला आन् काही झालं तर मी भरून कुठून देऊ?" खरं बोलला. त्याच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली, तिचा उपयोग काही नव्हता.

दुसरा भंडाऱ्याचा. त्याचा नंबर तुझ्याच फोनमध्ये 'नवा मिस्त्री' नावाने होता, म्हणून मला वाटलं, तू पारखून ठेवला असशील. स्वच्छ शर्ट, हातात लॅपटॉप. गाडीला वायर लावली, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं, मग म्हणाला, "मॅडम, टर्बो गेला, पंप गेला, आणि गाडीचा मेंदूही गेल्यासारखा वाटतो." मी विचारलं, "मग राहिलं काय?" तो म्हणाला, "बॉडी चांगली आहे." खर्चाचा जो आकडा त्याने सांगितला, त्यात एक वापरलेला ट्रॅक्टर आला असता, ट्रॉलीसकट. सुनंदा तिथूनच आत निघून गेली.

तिसरा नागपूरचा, याच गाड्यांची कामं करणारा. तो यायला तयार नव्हता, गाडी ट्रकवर घालून आणा म्हणाला. साधारण खर्च विचारला तर "जुन्या गाडीचं पोटात शिरल्याशिवाय सांगता येत नाही." बरं, पोटात शिरून न सापडलं तर? "मग बघू." आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सहज, "विकायची असेल तर आधी मला सांगा." जो डॉक्टर पेशंटच्या शेताचा भाव विचारतो, त्याच्याकडे पेशंट न्यायचा नसतो. खोडला.

म्हणजे राहिला चौथा. आणि चौथ्याला तूच आपल्या हाताने घालवून बसला होतास.

ती गोष्ट तू मला किती वेळा सांगितलीस! दर वेळी हसत. गुलाब मिस्त्री नागपूरला मोठ्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करून शेतीसाठी गावी परत आला, लाखांदूरच्या रस्त्यावर त्याने दुकान टाकलं, हे तुला कळलं. चांगला माणूस सरळ विचारून घेतो. तू काय केलंस? घरी बॉनेट उघडून हवेचा एक पाइप मुद्दाम सैल केलास, गाडी ठसकत ठसकत त्याच्या दारात नेलीस आणि भोळं तोंड करून म्हणालास, "मिस्त्री, काहून अशी करून राहिली पाहा बरं." खोटी बिमारी दाखवायची आणि कोण खरं सांगतो ते पाहायचं. नागपूरच्या दोघांना तू असंच नापास केलं होतंस. गुलाबने बॉनेट उघडलं, पाइप बसवला, क्लिप आवळली आणि विचारलं, "सर, हे आपोआप निघालं का?" तू टाळी वाजवलीस. "पास! पैकीच्या पैकी!"

त्याने हात पुसले, चावी तुझ्या हातात दिली. "मी काही तुमच्या वर्गातला पोट्टा नाही, सर. गाडी न्या. परत आणू नका."

तुला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी म्हटलं, जा, माफी माग. तू म्हणालास, "माफी कायची? पास केलं ना त्याले!" मी म्हटलं, अरे, त्याचा अपमान झाला. तू म्हणालास, "प्रामाणिक माणसाले परीक्षेचं काय भेव?" हा वाद आपला दर भाऊबीजेला व्हायचा. ताट ओवाळून झालं की तू नागपूरच्या मिस्त्रीच्या बिलाबद्दल रडायचास, मी म्हणायचे गुलाबकडे जा, आणि तू म्हणायचास, "तो मूर्ख आहे, ताई. पण इमानदार आहे." यंदा भाऊबीज नव्हती. वाद तिथेच लटकून राहिला आहे, आणि शेवटचं वाक्य तुझं आहे, हे मला चालत नाही.

ही खोड तुझी जुनी. माझ्या धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका लग्नाची भांडी परत आली तेव्हा तू एक मोठा झारा तुझ्या घरी लपवलास, कमी आहे हे मला कळतं का ते पाहायला. मला कळलं. मी त्या लग्नघरी परत गेले आणि झारा तुम्ही ठेवून घेतला असं त्या बिचाऱ्यांना तोंडावर म्हणून आले. संध्याकाळी तू हसत हसत झारा आणून दिलास. मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. पण त्यानंतर मी प्रत्येक भांड्याला लाल रंगाचा पट्टा मारायला लागले. आज चार तालुक्यांत लोक लाल पट्टा पाहून माझं पातेलं ओळखतात, आपण होऊन परत आणून देतात. तेही तुझ्यामुळेच, हे कबूल. कबूल करतानाही राग येतो.

तर मी गेले गुलाबकडे. टेम्पो घेऊनच गेले. दुकानात मळणीची दोन मशीनं उघडून पडलेली, शेतकरी डोक्यावर बसलेले, आणि हा भरघोस मिशांचा माणूस सगळ्यांवर एकदम ओरडत होता. दिवाळीनंतर गावच्या जत्रेत, मंडईत, दंडारीचं नाटक रंगतं तेव्हा राजाचं काम हाच करतो, तो आवाज तसाच दुकानातही.

"बाई, मी ओळखतो तुमाले. लाल पट्टा. पण त्या गाडीचं नाव काढू नका."

"गुलाबभाऊ, दिलीप गेला."

"मले नाही माहीत का? मातीले आलो होतो मी." मग आवाज खाली आला. "गाडीकडं पाहिलं नाही."

मी समजावून पाहिलं. म्हटलं, भाऊ, माझ्याकडूनही लोक भांडी मोजून घेतात, खुर्च्या दाबून पाहतात. मी कुठे राग धरते?

तो म्हणाला, "मोजून घ्या ना जी, हजारदा घ्या. पण एक भांडं सोताच लपवाचं आन् मंग म्हणाचं, बाई, कमी आहे, पाहा बरं कुठं गेलं. हे तुमाले चाललं असतं का?"

माझ्या डोळ्यासमोर तो झारा आला. म्हटलं, "नाही चाललं. मी त्याच्याशी बोलत नव्हते."

"मंग?"

"मंग काय? भाऊ होता. परत बोलले."

तो एक पाना पुसू लागला. डोक्यावर बसलेला एक शेतकरी म्हणाला, "आधी माही मशीन, गुलाब, मंग रडा." गुलाब त्याच्यावर ओरडला, आणि त्याच श्वासात मला म्हणाला, "रविवारी येतो. धानाचे चुरणे आहेत, मळणी अडते, जास्त थांबणार नाही. आन् त्या पोरीले सांगा, माह्या येण्याआधी गाडीले कोणी हात लावाचा नाही."

आला. मोटरसायकलवर, पिशवीत मोजकी हत्यारं. रेणूला चावी फिरवायला सांगितली. कान लावून ऐकलं. पुन्हा फिरवायला सांगितली. मग बॉनेटमधली एक काळी पेटी उघडली, आणि तसाच थांबला. मला जवळ बोलावलं. पेटीत छोट्या छोट्या चौकोनी काळ्या वड्या ओळीने बसवलेल्या होत्या. एका जागी वडी नव्हती, नुसती खाच.

"इथं रिले राहते. पेट्रोलच्या पंपाले करंट देते. ते नाही त पेट्रोल येत नाही. बाकी गाडी ठणठणीत."

"पडला असेल का?"

"बाई, ते पडत नाही. जोर लावून काढावं लागते. आन् काढून झाकण असं बराबर कोण बसवंल? चोर बसवंल का? उंदीर बसवंल?"

सुनंदा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "हे गेले त्या आठवड्यात म्हणत होते, भंडाऱ्याचा एक नवा मिस्त्री सापडला, सोमवारी बोलावतो, पाहू किती पाण्यात आहे."

मग सगळं एका ओळीत बसलं, दिलीप. पेपर काढून ठेवलास. परीक्षार्थी आला, लॅपटॉप घेऊन आला, साफ नापास झाला. पण तपासायला तू नव्हतास. तुझ्या पेपरापायी मी महिनाभर चार गावांचे फोन फिरवले, सुनंदाने ट्रॅक्टरएवढा आकडा ऐकला, आणि गाडी भंगारात जायची वेळ आली.

गुलाबचा चेहरा आधी लाल झाला. मला वाटलं, हत्यारं उचलून निघतो आता. मग तो धानाच्या पोत्यावर बसला आणि हसायला लागला. "मेल्यावरही पेपर काढते हा माणूस!" हसता हसता त्याने गमछा तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. रेणू माझ्याकडे पाहत होती. मी पडवीतली पोती मोजत होते.

नंतर त्याने त्या खाचेत तारेचा एक तुकडा जोडला. "हे फक्त दाखवाले. असं चालवाचं नाही, वायरिंग जळते." रेणूने चावी फिरवली.

काय आवाज तो! टिनाचे पत्रे थरथरले, कोंबड्या बाहेर पळाल्या, शेजारचा म्हातारा काठी घेऊन पाहायला आला. मला साकोली रोडवरची ती सकाळ आठवली. लग्न लागायची वेळ झालेली, आणि भटजी अंतरपाट घरी विसरून आलेले. माझा टेम्पो असता तर मुहूर्त टळला असता. तू म्हणालास, बस. धानाच्या बांध्यांमधून जाणारा तो रिकामा डांबरी रस्ता, तू गिअर बदललास आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी "मेल्या, हळू चालव!" म्हणून ओरडत होते. अंतरपाट आणायला टर्बो वापरणारा तू एकटाच असशील. उतरल्यावर मी तुला भर मंडपात झापलं. मजा आली होती, हे सांगायचं राहिलं. फार मजा आली होती, दिलीप.

गुलाबने तार काढली. गाडी बंद पडली. सुनंदा म्हणाली, "भाऊले फोन लावते. भंगारवाल्याले नाही म्हणते." आणि आत गेली.

मी गुलाबला विचारलं, किती द्यायचे. तो म्हणाला, "तार परत घेतली ना मी. कायचे पैसे?" मग मी म्हटलं, भाऊ, त्याच्या वतीने मी माफी मागते. त्याने मान हलवली. "तुमी नका मागू जी. तुमचं काय चुकलं? त्यायची होती, त्यायच्यापाशी राहिली." मोटरसायकलला किक मारताना म्हणाला, "हा रिले आता बाजारात भेटत नाही. दुसऱ्या गाडीचा बसवाले गेलं त मेंदू जळते, मंग तो भंडाऱ्याचा खरा होईल. सरनं काढला तोच शोधा. सापडला का घेऊन या. इथून पुढं गाडी माह्याकडं."

म्हणजे मिस्त्री मिळाला. इमानदार, परवडणारा, घरापासून जवळचा. तुझ्या परीक्षेने जो सापडला आणि तुझ्याच परीक्षेने जो गेला, तो परत आला. हे तू जिवंत असताना एका "चुकलं, भाऊ" या वाक्याने झालं असतं.

आता ती दुसरी गोष्ट. ती मी लिहिणार नव्हते.

दहाव्याला सुनंदाने मला सांगितलं. तू गेलास त्या आठवड्यात तुझ्या छातीत कळ येत होती, डावा हात भरून यायचा. ती तुला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली. तू डॉक्टरला सांगितलंस, गॅस होतो. हाताचं सांगितलं नाहीस, कळेचं सांगितलं नाहीस. तिने तोंड उघडलं तर तिला डोळ्यांनी गप्प केलंस. आणि बाहेर येऊन म्हणालास, "पाहू, सांगितल्याशिवाय त्याले सापडते का."

दिलीप, पाइप काढून ठेवला तर परत बसवता येतो. दुखतं ते डॉक्टरला सांगायचं असतं रे. तो काही तुझा विद्यार्थी नव्हता. त्याने तुझं उत्तर खरं धरून गोळ्या लिहून दिल्या, त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. तू गणिताचा मास्तर. अर्धं उदाहरण फळ्यावर लिहून पोरांना सोडवायला सांगितलं असतंस का कधी?

मी फक्त एवढं म्हणते की तुझ्यावर विश्वास ठेवणारी इतकी माणसं होती. सुनंदा डोळ्यांच्या इशाऱ्यावर गप्प बसली. गुलाब पोटातला राग घेऊन मातीला आला. रेणू न चालणारी गाडी रोज पुसत होती. यांतल्या कोणी तुझी परीक्षा घेतली नाही.

असो. काम बाकी आहे.

रिले आम्ही दुपारभर शोधला. देव्हाऱ्याखालचा खण, तुझा चष्म्याचा डबा, शाळेच्या बॅगेचे सगळे कप्पे, गाडीच्या सीटखाली, हत्यारांची पेटी, धानाच्या कोठीवरचा कोनाडा, स्कूटरची डिकी. रेणूने तुझ्या सगळ्या पँट उलट्या करून झटकल्या. खडूचे तुकडे निघाले, दुसरं काही नाही. मी यादीवर एकेक जागा खोडत गेले.

एकच जागा खोडायची राहिली. ज्या सकाळी तुला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, त्या सकाळी तुझ्या अंगावर तो चौकटीचा शर्ट होता, वरच्या खिशाचा. दवाखान्यातून तुझे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत परत दिले, सही माझी घेतली. घरी आल्यावर पिशवीला मीच गाठ मारली आणि सुनंदाच्या कपाटावर मागे सारून ठेवली. ती कुठे आहे हे तिला माहीत नाही.

दिवे लागायच्या आत मी स्टूल घेऊन चढले. पिशवी खाली काढली. हाताला काहीतरी छोटं, चौकोनी, टणक लागलं, ते घड्याळ असेल, काहीही असेल. रेणूने खालून विचारलं, "आत्या, आहे का?"

मी म्हटलं, "पाहते."

पिशवी माझ्या टेम्पोत पुढच्या सीटवर आहे. त्या दोघींसमोर तुझा शर्ट बाहेर काढवेना, म्हणून लाखनीला आणली. गाठ सोडायची आहे.